लंकाबाईच्या अंगणातलं राज्य

लंकाबाईला स्वस्थ बसलेलं आमच्या वाडीत कुणी पाहिलेलं नाही. पाहिलं असेल तर फक्त तिच्या लग्नात, आणि तेव्हाही पाटावर बसून तिच्या पायाचा अंगठा सारखा चुळबुळत होता, असं तिची जाऊ साळुबाई अजून सांगते. साळुबाईचं सगळंच खरं मानायचं नसतं. पण एवढं मानायला हरकत नाही, कारण त्या लग्नात मी होतो आणि त्यानंतरचा तमाशा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

लग्न लागलं की परातीत हळदीचं पाणी ओतून त्यात अंगठी टाकतात आणि नवरानवरीनं हात घालून ती शोधायची, हा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. नवरीनं एखाददुसऱ्या वेळी जिंकावं आणि मग जरा हात आखडता घेऊन नवऱ्याची लाज राखावी, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. डोंगरातल्या घाटघरहून आलेल्या या पोरीला ते कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगूनही तिनं ऐकलं नव्हतं. अंगठी पाण्यात पडायचा अवकाश, की हिच्या मुठीत. तिचा नवरा जानकू कोपरापर्यंत पिवळा झाला, पण त्याच्या हाताला काही लागेना. करवल्या एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. शेवटी सासू, गोजरबाई, तिच्या कानाशी जाऊन म्हणाली, "अगं, एकदा तरी घावू दे त्याला."

नवरी अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "का बरं? त्यांना हात न्हाईत व्हय?"

गोजरबाईनं परातच उचलून आत नेली. जानकू आजतागायत त्या विषयावर बोलत नाही, आणि मी आजतागायत त्याला भेटलो की बोटातल्या अंगठीची चौकशी करतो.

तर अशी ही बाई. आणि वाडीतल्या पोरांना हरायला शिकवायची वेळ आली ती हिच्यावर.

लंकाबाई आमच्या अंगणवाडीची सेविका. सकाळी पोरांना गाणी, खिचडी, वजनकाटा, मोबाइलवर फोटो चढवणं, सगळं ती उभ्याउभ्या करते. आमची वाडी येडगाव धरणाच्या पाण्याकडं उतरणाऱ्या रस्त्याला आहे. रस्त्याच्या अल्याड ऊस, पल्याड ऊस, आणि उसात कोण राहतं हे जुन्नर तालुक्यात शेंबड्या पोरालाही विचारावं लागत नाही. बिबट्याच्या भीतीनं संध्याकाळी पोरांनी खेळायचं ते अंगणवाडीच्या जाळीच्या कुंपणात. लंकाबाईचं घर लागूनच आहे, त्यामुळं दिवेलागणीपर्यंत ती फाटकात उभी. उभी कसली, येरझाऱ्या घालत. कधी हातात विळी, कधी झाडू, कधी नुसतीच चावी.

समोर नवाबभाईचं पंक्चरचं दुकान. त्याच्या दारात जुन्या जीपचं एक फाटकं सीट टाकलेलं आहे. त्यावर बसलं की अंगणवाडी, फाट्याचा रस्ता आणि भगवंतअण्णांचा बंगला, तिन्ही एका नजरेत येतात. एवढी सोयीची जागा वाडीत दुसरी नाही, म्हणून मी ती सहसा सोडत नाही.

त्या बंगल्यातला नातू म्हणजे समर्थ. येत्या जूनला पहिलीत जायचा. गोबऱ्या गालांचा, नव्या बुटांचा, आणि जन्मापासून एकदाही न हरलेला. घरातल्या सापशिडीच्या प्रत्येक सापावर अण्णांनी चिकटपट्टी मारून घेतली होती. शिड्या तेवढ्या मोकळ्या. अंगणात क्रिकेट खेळताना पोरगं बोल्ड झालं की तो नो-बॉल, आणि झेल घेणाऱ्या गड्याला अण्णांचं बोलणं. "कळत न्हाई का रं तुला? लहान हाये त्यो."

आता अण्णा असं का करत होते, त्याची वाडीतली चर्चा मी तुमच्यापासून कशाला लपवू? अण्णा स्वतः सरपंचकीला पडले होते. थोडक्यात पडले, पण पडले. मात्र 'पडलो', 'हरलो' हे शब्द बंगल्यात बंद. "निकाल कोर्टात हाये," असं म्हणायचं. फेरमोजणीचा अर्ज केला होता आणि तेव्हापासून अण्णांच्या हातातला फोन खाली ठेवलेला कुणाला दिसला नाही. वाजला की दचकायचे, नाही वाजला की जास्त दचकायचे. डेअरीवाला ज्ञानेश्वर एकदा बोलता बोलता म्हणून गेला, "अण्णांचं राज्य गेलं आता." दुसऱ्या दिवसापासून बंगल्यातलं दूध कळंबच्या डेअरीला जायला लागलं. एवढ्या लांब! दूध नासत होतं, तरी जात होतं.

आणि आपल्या पोरांच्या खेळांचा उलटा कारभार बघा. गावात जिंकणाऱ्याचं राज्य येतं, खेळात हरणाऱ्यावर राज्य येतं. शिवणापाणीत ज्याला शिवलं, त्याच्यावर राज्य. मग त्यानं दुसऱ्या कुणाला शिवेपर्यंत धापा टाकत पळायचं.

समर्थवर राज्य कधी आलंच नव्हतं. लहान होता तोवर तो लिंबूटिंबू. म्हणजे खेळात पळायचं, ओरडायचं, पण शिवलं तरी आऊट नाही. बाकीचे लिंबूटिंबू जरा पायात बळ आलं की पोरं त्यांना पक्कं धरतात. समर्थची मुदत मात्र अण्णा चॉकलेटवर वाढवून घेत राहिले. रोज संध्याकाळी फाटकातून पोरांच्या हातावर एकेक. "आमच्या समर्थला सांभाळून घ्या बरं का." त्यात पोरगंही तयारीचं. कुणी जवळ आलं की मूठ तोंडाशी नेऊन "टॅम्प्लीज!" टॅम्प्लीज म्हटलं की शिवता येत नाही, हा कायदा. दम खायला म्हणून असलेली ही सवलत यानं राहायलाच घेतली होती.

मग एका संध्याकाळी नवाबभाईची नात जास्मिन आडवी आली. याच वयाची, काटकुळी, आणि पळायला अशी की वळताना चप्पल मागं राहायची आणि ही पुढं. समर्थची मूठ तोंडापर्यंत पोचायच्या आत तिनं त्याच्या पाठीत थाप मारली. "आऊट! राज्य घे!"

समर्थनं राज्य घेतलं नाही, तिच्या दंडाचा चावा घेतला.

आरडाओरडा झाला, हळद लागली, अण्णांनी दोन्ही खिसे रिकामे केले. जास्मिन रडली नाही. चॉकलेट तोंडात घालून, गाल फुगवून, तिनं सगळ्या पोरांना सांगितलं, "हा खेळतच न्हाई. नुसता आपल्यातनं पळतो."

झालं. त्या दिवसापासून समर्थ कुंपणाच्या आत आला की पोरं खाली बसायची. सगळीच्या सगळी. अण्णांचं चॉकलेट घ्यायची, खायची आणि बसून राहायची. समर्थ एकटाच गोल गोल पळायचा आणि ओरडायचा, "मला धरा! ए, मला धरा ना!" कुणी उठायचं नाही. त्याचे नवे बूट तेवढे फटाफट वाजायचे.

नवाबभाई ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघता बघता म्हणाला, "आबा, देखो. बिनविरोध निवडून आला."

मी हसलो खरा, पण पोरगं चौथ्या-पाचव्या फेरीलाही तसंच ओरडत राहिलं, तेव्हा हसू गिळावं लागलं.

समर्थची आई स्नेहल एका दुपारी कुणाला न सांगता लंकाबाईकडं आली. ही गोष्ट मला साळुबाईनं सांगितली. तिला कशी कळली ते विचारू नका, मधली भिंत पातळ आहे. स्नेहल म्हणाली, "बाई, तो घरी येऊन विचारतो, मला कुणी धरत का न्हाई? मी काय सांगू? जूनला हीच पोरं त्याच्या वर्गात असणार. तिथंबी अशीच खाली बसली तर? काही तरी करा. पण अण्णांच्या कानावर जाऊ देऊ नका."

लंकाबाई तशीच उठून जास्मिनला गाठायला दुकानात आली. मी तिथंच होतो, पण दोघींनीही मला हिशेबात धरलं नाही.

"जास्मे, समर्थला खेळायला घ्या."

"घेऊ की. पण पक्का घेणार. आऊट झाला तर राज्य घ्यायचं. टॅम्प्लीज न्हाई. चावायचं न्हाई."

"रडंल गं तो."

"रडू दे. मीपण रडते. पण राज्य घेते."

लंकाबाईनं रागारागानं नवाबभाईची पाण्याची बादली सरळ करून ठेवली. ती सरळच होती.

दुसऱ्या दिवशी लंकाबाईनं समर्थला नळापाशी घेऊन समजावलं. "बाळा, हरण्यात काई वाईट नसतं."

"मग तुमी हरा," समर्थ म्हणाला.

बोलणं बरोबर होतं. तिनं मनावर घेतलं. पोराला दाखवावं, हसत हसत कसं हरायचं ते. फाटकापासून नळापर्यंत दोघांनी पळायचं ठरलं. बाई पहिल्यांदा मुद्दाम मागं राहिली. पदर सावरला, खोटं खोटं "अगं बाई, दमले" म्हणाली. समर्थ खिदळत पुढं. अर्धं अंगण गेलं, आणि त्या बाईच्या अंगात घाटघर शिरलं! मान खाली गेली, कोपरं हलायला लागली, पोराला मागं टाकून ती वाऱ्यासारखी गेली आणि नळाला हात लावून दोन्ही हात वर करून उभी राहिली. समर्थनं जमिनीवर अंग टाकून असा सूर लावला की धरणाकडचे बगळे उडाले.

नवाबभाईच्या हातातली पहार पडली. मी सीटवरून पडायचा बाकी होतो.

लंकाबाई आमच्याकडं न बघता म्हणाली, "दात काय काढता? पाय घसरला माझा, म्हणून पुढं गेले."

पाय घसरून पुढं गेलेली बाई! साळुबाईनं ती बातमी येडगावापर्यंत पोचवली आणि तिथून आणखी तिखटमीठ लागून ती वाडीत परत आली. लंकाबाई दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. जानकूची मात्र चंगळ. तो दुकानात येऊन म्हणाला, "आबा, परातीची गोष्ट आता जुनी झाली, काय?"

पण बाई चिवट. तिसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला आणि जाहीर केलं, "आज राज्य माझ्यावर. पळा."

पोरं फुटाण्यासारखी उडाली. पन्नाशी उलटलेली बाई, सरळ रेषेत कितीही पळाली तरी वळणार कशी? पोरं हाताखालून निसटायची, मागून "बाई, इकडं! बाई, इकडं!" करायची. थोड्या वेळानं खेळातला राग संपून खरा राग सुरू झाला. मला इथून तिचा चेहरा दिसत होता. आता ही कुणाला तरी धपाटा घालणार, असं वाटलं. तिलाही तसंच वाटलं असावं, कारण ती एकदम थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "थांबा. मला राग आलाय. लई आलाय. मी येते जरा."

असं म्हणून ती ओसरीच्या लोखंडी खांबापाशी गेली. दोन्ही हातांनी तो धरला आणि त्याला बोलायला लागली. "काय रं ए खांबा, उभा काय ऱ्हातोस नुसता? दिसत न्हाई का, माणसाचा जीव चाललाय?" अजूनही बरंच बोलली. पोरं श्वास रोखून बघत राहिली. मोठ्या माणसाला राग आला की पोरांना फटका बसतो, एवढंच त्यांना ठाऊक. राग घेऊन खांबाकडं गेलेलं आणि राग तिथंच ठेवून परत आलेलं मोठं माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. बाई खरंच परत आली, नाक पुसलं, आणि पुन्हा पळायला लागली. त्या दिवशी तिच्या हाती कुणीही लागलं नाही.

पोरांना हे लई आवडलं. दुसऱ्या दिवशी जास्मिनवर राज्य आलं, तर ती तडक खांबाकडं. "खांबा, तू लई घाण आहेस. तुझ्या नाकात मुंगळा." बोलली, परत आली, पळाली. मग रांगच लागली. राज्य आलं की आधी खांब. काही पोरं तर खांबाला बोलायला मिळावं म्हणून मुद्दाम हळू पळायला लागली.

समर्थ नळाजवळ उभा राहून हे बघत होता. एकदा कुणाचं लक्ष नाही असं बघून तो गुपचूप खांबापाशी गेला आणि त्याला काही तरी बोलायला लागला. तेवढ्यात जास्मिन कमरेवर हात ठेवून हजर. "ए! तुझ्यावर कुठं राज्य हाये? आधी आऊट हो, मग खांब."

समर्थ कुंपणाबाहेर गेला. जाता जाता मागं वळून खांबाकडं बघत गेला. लंकाबाईनं त्याला हाक मारली नाही. हाक येत होती ओठांवर, हे मला दिसलं. तिनं त्याऐवजी चावीच दोनदा कुलपात फिरवली.

आणि मग फेरमोजणीचा दिवस उजाडला.

उन्हाळी कांदा निघत होता. वारा सुटला की कांद्याची वाळकी पात आणि टरफलं सगळ्या वाडीभर उडायची, डोळ्यात जायची. त्या दिवशी तर वारं थांबतच नव्हतं. माणसंही तशीच. कुणी कामात नाही, कुणी घरात नाही. बंगल्यासमोर गुलालाचं पोतं येऊन पडलं होतं. फटाक्यांची लड रस्त्यावर पसरून ठेवली होती. बँजोवाले चिंचेखाली बसून उगाच एकेक टणत्कार करून बघत होते. अण्णांचा मुलगा सुदर्शन, म्हणजे समर्थचा बाप, सकाळीच जुन्नरला गेला होता. दुपार टळली तरी त्याचा फोन लागेना. अण्णा रेंज मिळावी म्हणून गच्चीवर. हात वर करून, फोन आकाशाला दाखवत, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

लंकाबाईला वाटलं, फटाके उडणार, पोरांना आज घरी पाठवावं. पण पोरं आधीच जमली होती. आणि एवढ्या गडबडीत ज्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, तो समर्थ फाटकात येऊन उभा राहिला. बूट नव्हते, पायात साध्या चपला.

"बाई," तो म्हणाला, "मी पक्का."

पोरांनी जास्मिनकडं बघितलं. जास्मिननं त्याच्या तोंडाकडं, म्हणजे दातांकडं बघितलं. "बरं," ती म्हणाली. "हात काढा."

राज्य कुणावर ते ठरवायला तळहात उलटेसुलटे करून पोरं चकली आणि ते आलं जास्मिनवरच. ती खांबाला घाईघाईनं काही तरी पुटपुटली आणि सरळ समर्थच्या मागं लागली. समर्थही पळाला. मला वाटायचं पोरगं लोण्याचं आहे, पण बरं पळत होतं. खिचडीच्या खोलीला वळसा, घसरगुंडीखालून, पुन्हा वळसा. धुळीत दोघं दिसेनात, मग दिसायला लागली. शेवटी नळाच्या कोपऱ्यात समर्थ अडकला. मागं जाळी, पुढं जास्मिन.

त्याची मूठ वर आली. तोंडापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

फाटकात लंकाबाईचे ओठ हलले. आता ती कबूल करत नाही, पण मी बघितलंय. ती स्वतःच त्याच्या वतीनं टॅम्प्लीज म्हणायच्या बेतात होती. समर्थनं मूठ खाली घेतली. जास्मिननं त्याच्या खांद्याला हात लावला आणि लगेच दोन्ही हात, दंडासकट, पाठीमागं लपवले.

पोराचं तोंड लालबुंद झालं. कान लाल झाले. तोंड उघडलं. सगळी पोरं एक पाऊल मागं सरली. आणि तो वळून खांबाकडं गेला. दोन्ही हातांनी खांबाला मिठी घातली, कपाळ टेकलं आणि काही तरी बोलला. काय बोलला ते मला इथून ऐकू येणं शक्य नव्हतं. जास्मिन जवळ होती. ती सांगते, तो म्हणाला, "खांबा, आजोबांना सांगू नको."

मग तो वळला, नाक वर ओढलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "राज्य माझ्यावर!"

असला आनंद मी पोरांना झालेला पाहिला नाही. उड्या मारत, कुंपणाची जाळी हलवत सगळ्यांनी एकच गिल्ला केला. "समर्थवर राज्य आलं! राज्य आलं! राज्य आलंऽऽ!"

वारं बंगल्याच्या दिशेनं होतं.

गच्चीवर अण्णा फोन वर धरून उभे होते. त्यांनी नातवाचं नाव ऐकलं आणि त्याच्यापुढं 'राज्य आलं' ऐकलं. गेले कित्येक महिने माणूस झोपेतसुद्धा हेच दोन शब्द ऐकत होता. नवाबभाईच्या दुकानात मोबाइलवर बातमी आली असणार, पोरांनी ऐकली असणार, असं त्यांनी आपल्या मनाशी जुळवलं. पायातली एक चप्पल जिन्यावर सोडून ते खाली आले. "आलं! राज्य आलं! वाजवा!"

मी नवाबभाईकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. सांगायला म्हणून दोघंही उठलो, तोवर लड पेटली होती.

मग काय विचारता! बँजो सुटला, पोतं फुटलं, रस्ता गुलाबी झाला. अण्णांना कुणी तरी खांद्यावर घेतलं. अण्णा दोन्ही हात जोडून चारी दिशांना नमस्कार करत होते, जिकडं माणूस नव्हतं तिकडंही. मिरवणूक फाट्यापर्यंत आली आणि जुन्नरच्या बाजूनं सुदर्शनची मोटारसायकल आली. त्याच्या अंगावर गुलालाचा एक कण नव्हता.

बँजो एकदम थांबला नाही. एकेक वाद्य गप होत गेलं. शेवटी झांजवाला एकटाच उरला, त्याला कुणी तरी कोपर मारलं.

"अण्णा," सुदर्शन खालच्या आवाजात म्हणाला, "खाली उतरा."

"किती मतांनी?"

"हाये तसंच हाये. उलट आपलं एक मत कमी भरलं."

गर्दीत कोण तरी फिस्सकन हसलं. मी नाव घेणार नाही. साळुबाईचा माझ्यावर आधीच राग आहे.

अण्णा खाली उतरले. गुलालातून फक्त डोळे दिसत होते. "मग राज्य आलं म्हणून वरडलं कोण?"

सगळ्यांची बोटं अंगणवाडीकडं गेली.

अण्णा तडक फाटकात. लंकाबाई वाटेत उभी. "लंकाबाई! काय चाललंय इथं? कुणाचं राज्य आलं?"

"समर्थवर आलंय, अण्णा," ती म्हणाली. "शिवणापाणीत. आऊट झाला त्यो."

आत समर्थ धावत होता. शर्ट बाहेर, गुडघा सोललेला, नाक वाहतंय, डोळे पोरांवर. आजोबा गुलालानं माखून उभे आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं. अण्णांनी पुढं होऊन त्याचं मनगट पकडलं. "चल घरी. कुणी हरवलं तुला?"

"आजोबा, सोडा!"

"चल म्हणतो ना!"

"मधीच न्हाई जाता येत! माझ्यावर राज्य हाये!"

"म्हंजे तू हरलास?"

तो शब्द अण्णांच्या तोंडून किती दिवसांनी निघाला होता, देव जाणे.

"हां, हरलो," समर्थ हात सोडवत म्हणाला. "सोडा ना! ती बघा जास्मिन पळती!"

जास्मिन पळत नव्हती. मुद्दाम हाताच्या अंतरावर येऊन, जीभ काढून, एका पायावर नाचत होती. "धर की! धर की! ए लोण्या, धर की!" चावा घेतलेला तोच दंड तिनं त्याच्या पुढं धरला होता. अण्णांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग नातवाकडं. त्यांची पकड कधी सुटली ते त्यांनाही कळलं नसेल. समर्थ सुटला. मनगटावर गुलाबी बोटं उमटलेली, तसाच तिच्या मागं.

लंकाबाई म्हणाली, "अण्णा, जरा बाजूला व्हा. पोरांच्या मधी येताय."

आणि भगवंतअण्णा बाजूला झाले. रस्ता ओलांडून आले आणि जीपच्या सीटवर बसले. माझ्या जागेवर! मी बाजूच्या टायरवर टेकलो. नवाबभाईनं तांब्या दिला. अण्णा पाणी प्यायले आणि म्हणाले, "एक मत कमी कसं भरलं रं?"

"भरलं आसंल, अण्णा," नवाबभाई म्हणाला.

त्या संध्याकाळी समर्थच्या हाती कुणीच लागलं नाही. दिवेलागण झाली, उसाकडं कुत्री भुंकायला लागली, आया येऊन पोरांना ओढून न्यायला लागल्या. "उद्या!" जास्मिन ओरडली. "राज्य समर्थवरच!" ज्याच्यावर राज्य असताना खेळ मोडतो, दुसऱ्या दिवशी त्याच्यापासूनच सुरू करायचा, असा त्यांचा नियम. समर्थ आईचा हात धरून घरी गेला, तो राज्य घेऊनच.

दुसऱ्या दिवशी पोरं नेहमीपेक्षा लवकर जमली आणि अडकून पडली. समर्थचा पत्ता नाही. आणि त्याच्याशिवाय सुरू करणार कसं? राज्य तर त्याच्यावर. थोडा वेळ पोरांनी फाटकात चुळबुळ केली. मग सगळं लटांबर रस्ता ओलांडून बंगल्याच्या दारात. "समर्थऽऽ! ए समर्थ! राज्य हाये तुझ्यावर! ये की लवकर!"

आत पोरगं दुसरी चप्पल सापडत नाही म्हणून रडकुंडीला आलं होतं. अण्णा ओट्यावर होते. कानामागं अजून गुलाल. त्यांनी दारातल्या पोरांकडं बघितलं. मग उठले, गुडघे टेकून अंगणातल्या गाडीखाली वाकले, आतून ती चप्पल ओढून काढली आणि नातवाच्या पायात घातली.

"जा बाबा," म्हणाले, "लोकं खोळंबलीत तुझ्यासाठी."

समर्थ कुंपणात शिरला तो इकडंतिकडं न बघता. पोरं चारी बाजूंना पांगली, पण त्यानं हेरली ती लंकाबाई. बाई आता खेळात पक्की होती, आणि वळताना हळू पडते हे नळाजवळ उभं राहून त्यानं पुरेसं बघितलं होतं. घसरगुंडीपाशी त्यानं तिला गाठलं. "आऊट!"

"न्हाई, न्हाई!" बाई ओरडली. "पदराला लागलं! पदर म्हंजे मी न्हाई!"

"हातच लावला मी!"

"पदराला!"

पोरांचा कल्ला झाला. "बाई रडीचा डाव खेळतात! रडीचा डाव!" जानकू कुंपणाबाहेरून टाळ्या वाजवत होता, म्हणून बाई आणखीच पेटली. कमरेवर हात ठेवून तिनं दुकानाकडं तोंड केलं. "नवाबभाई, तुमी बघितलं ना? खरं सांगा. पदराला लागलं का न्हाई?"

नवाबभाईनं ट्यूब खाली ठेवली. "शिवलं, भाभी."

"आबा?"

"दंडाला शिवलं," मी म्हणालो. मला नीट दिसलं नव्हतं, पण ही संधी कोण सोडतो?

बाईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. समर्थ तिच्यासमोर उभा, मान वर करून, धापा टाकत. "बाई," तो म्हणाला, "राज्य घ्या ना. आमी थांबलोय."

लंकाबाईनं आम्हा दोघांकडं असं बघितलं की त्या नजरेचा हिशेब ती कधी तरी चुकता करणार, हे कळलं. मग तिनं पदर घट्ट खोचला, चावी कुंपणाच्या तारेला अडकवली.

"पळा मग, मेल्यांनो," ती म्हणाली, आणि कुणी पळायच्या आत स्वतःच सुटली.